कंपनी गेली, गाडी राहिली: जुनी शेवर्ले बीट घ्यावी का?

प्रश्न : लासलगावला माझे शेतीच्या औषधांचे दुकान आहे. घरात दोन दुचाकी आहेत, चारचाकी नाही. ओळखीतले एक गृहस्थ 2013 सालची शेवर्ले बीट डिझेल विकत आहेत. सांगतात त्या पैशात त्याच सालची स्विफ्ट मिळणे शक्य नाही. आमचा फिटर म्हणतो, इंजिन दणकट आहे, डोळे झाकून घ्या. मोठे बंधू म्हणतात, कंपनीच देश सोडून गेली, फुकट दिली तरी दारात उभी करू नको. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ही अमेरिकन गाडी एवढी चांगली होती तर बंद का पडली? आणि आज ती घेतली तर माझ्या पदरात नेमके काय पडेल?
– एक वाचक, लासलगाव (ता. निफाड)

उत्तर : तुमचा फिटर आणि तुमचे बंधू दोघेही खरे बोलत आहेत. फिटर बॉनेट उघडून बोलतो, बंधू बाजाराकडे पाहून बोलतात. जुन्या गाडीचा सौदा करताना या दोन्ही नजरा लागतात. बीटच्या अंगात गुण भरपूर होते, पण तिच्या पाठीशी उभे राहणारे हात एकेक करून निघून गेले. आज ती घेणाऱ्याला गुण स्वस्तात मिळतात. पाठबळ मात्र स्वतःच उभे करावे लागते. ते तुम्हाला लासलगावात उभे करता येईल का, यावर तुमचा निर्णय अवलंबून आहे.

ही गाडी कितपत अमेरिकन?

कंपनी अमेरिकन, यात शंका नाही. शेवर्ले ज्या कंपनीचे नाव, त्या जनरल मोटर्सचे आणि मुंबईचे नाते फार जुने आहे. 1928 मध्ये या कंपनीने शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि तिथून शेवर्ले गाड्या बाहेर पडू लागल्या. 1954 मध्ये तो बंद झाला. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेली एसटीची पहिली बस बेडफर्ड होती. बेडफर्ड हे नावही जनरल मोटर्सच्याच ब्रिटिश शाखेचे. नव्वदच्या दशकात कंपनी पुन्हा भारतात आली ती गुजरातेत हलोलला, ओपेल गाड्या घेऊन. 2003 पासून तिने शेवर्ले हे नाव पुढे केले आणि 2008 मध्ये पुणे जिल्ह्यात तळेगावला नवा कारखाना सुरू केला. जानेवारी 2010 मध्ये बाजारात आलेली बीट याच तळेगावात तयार झाली.

गाडीचा आराखडा मात्र कोरियात झाला. देवू कंपनीचा मोटारव्यवसाय जनरल मोटर्सने विकत घेतला होता, त्या कोरियन शाखेने ही छोटी गाडी रेखली. 2007 च्या न्यूयॉर्क मोटार प्रदर्शनात तिचा नमुना बीट, ग्रूव्ह आणि ट्रॅक्स अशा तीन भावंडांत मांडला होता. जगभर ती 'स्पार्क' नावाने विकली गेली. आपल्याकडे स्पार्क हे नाव आधीच जुन्या मॅटिझच्या नव्या अवताराला दिलेले असल्याने इथे तिचे 'बीट' हेच नाव राहिले. कंपनीच्या आतल्या यादीत तिची खूण 'एम 300' आहे. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. सुटा भाग मागवताना तो उपयोगी पडतो.

फिटर ज्या इंजिनाची तारीफ करतो

तुमच्या फिटरचे म्हणणे पोकळ नाही. बीट डिझेल जुलै 2011 मध्ये आली, तेव्हा तिचे 936 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन भारतातल्या मोटारींमधले सगळ्यात छोटे डिझेल इंजिन होते. त्याचे कूळ इटलीतले. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसलेले फियाटचे 1.3 मल्टिजेट इंजिन तुमच्या भागातल्या प्रत्येक फिटरने उघडलेले असेल. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत असे. त्याची क्षमता 1248 सीसी आणि सिलिंडर चार, म्हणजे एका सिलिंडरला 312 सीसी. आता बीटचे 936 तीनने भागा, उत्तर पुन्हा 312. एक सिलिंडर कमी करून घडवलेले ते धाकटे भावंड आहे. टायमिंगला पट्ट्याऐवजी साखळी आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलण्याचा खर्च नाही. त्या घराण्याचा भक्कमपणा याही इंजिनात आहे. मात्र स्विफ्टचा प्रत्येक भाग बीटला बसेल असे समजू नका. टर्बो, इंजेक्टर, वायरिंग यांचे क्रमांक वेगळे आहेत.

या इंजिनाची ताकद 58 अश्वशक्तीच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण ओढण्याची शक्ती, म्हणजे टॉर्क, 150 न्यूटन-मीटर आहे आणि तो 1750 फेऱ्यांपासून मिळतो. बीटच्याच 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाची ताकद 80 अश्वशक्ती, पण टॉर्क 108. म्हणून चार माणसे आणि सामान घेऊन चांदवडच्या पुढे राहुड घाट चढताना डिझेल बीट पेट्रोलपेक्षा कमी धापा टाकते. चाचणीतले अॅव्हरेज सुरुवातीला लिटरला 24 किलोमीटर जाहीर झाले, पुढे सुधारित इंजिनाला 25.44. रस्त्यावर एवढे मिळत नाही, पण त्या काळात पेट्रोल बीटचा जाहीर आकडा 18.6 होता, यावरून फरक कळेल.

गाडीचे बाकीचे गुणही सांगायला हवेत. लांबी 3640 मिलिमीटर, त्यामुळे बाजारपेठेच्या गल्लीत वळवायला आणि लावायला सोपी. दारे जाड वाटतात, बंद होताना पोकळ आवाज करत नाहीत. महामार्गावर गाडी तिच्या आकाराच्या मानाने स्थिर चालते. मीटर मोटारसायकलसारखे स्टिअरिंगच्या खांबावर बसवलेले, मागच्या दाराची कडी खिडकीच्या चौकटीत लपवलेली. 2010 मध्ये सुमारे साडेतीन लाखांच्या आत सुरू होणाऱ्या गाडीला एवढी रेखीव बांधणी मिळत नव्हती.

उणिवा, ज्या विकणारा सांगणार नाही

पहिली उणीव जागेची. डिकी 170 लिटरची आहे. लग्नाला निघालेल्या चौघांच्या बॅगा त्यात मावत नाहीत. दुकानाच्या मालाचे दोन-तीन खोके आडवे घातले की ती भरते. मागच्या बाकावर दोन मोठी माणसे ठीक, तिसऱ्याने बसायचे म्हणजे आखडून बसायचे. मागची काच लहान आणि खांब जाड. त्यामुळे रिव्हर्स घेताना मागून येणारी दुचाकी दिसत नाही. दाराची लपवलेली कडी उंचावर असल्याने लहान मुलांचा हात पोहोचत नाही.

दुसरी उणीव चालण्याची. तीन सिलिंडरमुळे उभ्या गाडीत थरथर जाणवते. 1700 फेऱ्यांच्या खाली टर्बो जागा होत नाही, तोवर गाडी अडखळते. बाजार समितीत कांद्याचे लिलाव असतात त्या दिवशी ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगेतून गाडी काढायची म्हणजे पहिला-दुसरा गिअर आणि सतत क्लच. नेमकी तीच या गाडीची दुखरी जागा.

ती दुखरी का, हे जवळून पाहू. क्लचच्या पेडलला जोडलेला एक लिव्हर असतो. पाय दाबला की तो वळतो आणि क्लच सुटतो. डिसेंबर 2010 ते जुलै 2014 या काळात बनलेल्या डिझेल बीटमध्ये हा लिव्हर तुटण्याचा धोका आढळला. म्हणून कंपनीने 1 लाखाहून अधिक गाड्या तो भाग फुकट बदलून देण्यासाठी परत बोलावल्या. तुम्हाला सांगितलेली गाडी 2013 ची, म्हणजे याच काळातली. लिव्हर तुटला की पेडल खाली जाते आणि गिअर सुटत नाही. रेल्वे फाटकाच्या चढावर किंवा महामार्गाच्या चौकात असे झाले तर काय ओढवेल ते सांगायला नको. या परत-बोलावणीच्या आधी जुलै 2015 मध्ये स्पार्क, बीट आणि एन्जॉय मिळून सुमारे 1 लाख 55 हजार गाड्या बोलावल्या होत्या. त्यांना रिमोट चावीची जोडणी केलेली होती आणि तिच्या वायरिंगमधून आग लागण्याचा धोका होता. दोन्ही दुरुस्त्या तुमच्या गाडीवर झाल्या आहेत का, हे नोंदीवरून कळते. मालकाने "झाले असेल" म्हटले तर ते झालेले नाही, असे समजून पुढे चला.

तिसरी उणीव सगळ्यात गंभीर. खालच्या श्रेणीच्या बीटमध्ये एअरबॅग आणि एबीएस नव्हते. वरच्या श्रेणीत होते. युरोपात विकलेल्या स्पार्कला 2009 च्या युरो एनकॅप चाचणीत चार तारे मिळाले होते, हे ऐकवून कोणी तुम्हाला धीर देईल. त्या गाडीत एअरबॅगा होत्या. विनाएअरबॅगच्या बीटला त्या ताऱ्यांचा आधार घेता येत नाही. विंचूर–येवला रस्त्यावर रात्री कुटुंबासह प्रवास करणाऱ्याने हा मुद्दा किंमतीच्या आधी तपासावा.

मग बंद का पडली?

गाडी वाईट होती म्हणून नव्हे. त्यामागे तीन कारणे एकत्र आली.

एक, डिझेलचा हिशेब बदलला. जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, डिझेल मात्र स्वस्त ठेवले गेले. दोन इंधनांतली दरी वाढली आणि लोक डिझेल गाड्यांकडे धावले. बीट डिझेल त्याच लाटेवर आली. जानेवारी 2013 पासून डिझेल दर महिन्याला थोडे थोडे वाढत गेले आणि ऑक्टोबर 2014 मध्ये तेही मुक्त झाले. दरी आटली तशी छोट्या डिझेल गाडीची गरजही आटली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 नियम आले आणि छोटे डिझेल इंजिन परवडेनासे झाले. मारुतीनेही तेव्हा डिझेल सोडले.

दोन, कंपनीने गाडीला वेळेवर नवे रूप दिले नाही. प्रतिस्पर्धी नवी पिढी आणत होते, बीट किरकोळ फेरबदलांवर चालली. जुलै 2015 मध्ये कंपनीने भारतात 1 अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली, 2016 च्या दिल्लीच्या प्रदर्शनात नवी बीट दाखवली, आणि ती गाडी इथल्या ग्राहकाला कधी मिळालीच नाही.

तीन, विश्वास गेला. 2013 मध्ये प्रदूषणाच्या चाचण्यांतल्या गैरप्रकारावरून कंपनीला 1 लाखाहून अधिक टवेरा गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ग्राहक दुरावला, विक्री घटली, विक्री घटली म्हणून वितरक दुकाने बंद करू लागले, दुकाने बंद झाली म्हणून ग्राहक आणखी दुरावला. 2016-17 या वर्षात कंपनीने देशात जेमतेम 26 हजार गाड्या विकल्या. त्याच वर्षी 71 हजारांच्या आसपास निर्यात केल्या. म्हणजे तळेगावची गाडी परदेशात खपत होती आणि तळेगावच्या आसपास तिला गिऱ्हाईक नव्हते. 18 मे 2017 रोजी कंपनीने वर्षअखेरीस भारतातली विक्री थांबवण्याचे जाहीर केले. निर्यातीसाठी तळेगावचा कारखाना डिसेंबर 2020 पर्यंत चालला. ग्रेट वॉल या चिनी कंपनीला तो विकण्याचा बेत फसला आणि 2023 मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. अमेरिकेतही स्पार्क 2022 मध्ये बंद झाली. नफा मोठ्या गाड्यांत आहे म्हटल्यावर छोट्या गाडीचा वाली तिकडेही उरला नाही.

हा इतिहास सांगितला तो तुमच्या बंधूंसाठी. कंपनी जाणे आणि गाडी निकामी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण कंपनी गेल्याचा भुर्दंड गाडीच्या मालकालाच भरावा लागतो, हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर.

आज घेतली तर

नेहमी झिजणारे भाग, म्हणजे ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, शॉक अॅब्सॉर्बर, बाजारात मिळतात. अडते ते बॉडीच्या भागांना, दिव्यांना, काचांना आणि इलेक्ट्रॉनिक भागांना. ते नाशिकला मिळाले नाहीत तर पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठावा लागतो, तोवर गाडी गॅरेजमध्ये पडून. दुकान चालवणाऱ्या माणसाला हे किती जड जाईल ते तुम्हीच ठरवा.

विम्याकडे लक्ष द्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या गाडीच्या किंमतीच्या 75 टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढू शकते. बीटची ठरलेली किंमत कमी आणि भाग महाग, म्हणून मध्यम अपघातातही ही रेषा ओलांडली जाते.

मुदतही मोजा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2013 ची गाडी 2028 मध्ये त्या टप्प्याला येते. त्यानंतर आरटीओकडून तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. म्हणजे तुमच्या हातात निर्वेध वर्षे थोडीच आहेत.

डिझेलचा हिशेबही मांडून पाहू. समजा महिन्याला 600 किलोमीटर फिरणे झाले. डिझेलने लिटरला 20 आणि पेट्रोलने 16 किलोमीटर दिले, तर डिझेलला 30 लिटर लागते, पेट्रोलला साडेसदतीस. बचत महिन्याला साडेसात लिटरची आणि दरातल्या थोड्या फरकाची. एकदा टर्बो किंवा इंजेक्टरचे काम निघाले की वर्षभराची बचत त्यात जाते. शिवाय दुकान ते घर अशा रोजच्या छोट्या फेऱ्यांत डिझेल इंजिन पुरते तापत नाही, ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साठते आणि गाडी धूर मारू लागते. आठवड्यातून दोन-तीनदा नाशिकला जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर होत असतील तरच डिझेलला अर्थ आहे. फिरणे गावापुरते असेल तर त्याच किंमतीत पेट्रोल बीट शोधा. ती जास्त शांत, तिच्यात टर्बो नाही, बिघडण्याच्या जागा कमी. फक्त आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाचे रबरी पाइप आणि वॉशर तपासून घ्या.

सौद्याला जाताना

सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाला आधी गाडी सुरू करून ठेवू नका म्हणावे. पहिल्या सेल्फला सुरू होते का, आणि दहा-पंधरा सेकंदांनंतरही काळा किंवा निळा धूर येतो का ते पाहा. क्लच दाबताना करकर किंवा ढिलाई वाटते का? तिसऱ्या गिअरमध्ये चढावर जोर दिल्यावर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट सरकते आहे. खड्ड्यातून नेताना पुढच्या चाकापाशी टकटक येत असेल तर लोअर आर्म आणि बुश गेलेले. चारी काचा, सेंट्रल लॉक, पंखा, दिवे एकेक करून चालवा. आरसी बुकातला चासिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. गाडी मूळची एमएच 15 आहे की बाहेरच्या राज्यातून आणलेली, हेही पाहा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात आणि एनओसी, रोड टॅक्स यांचे झंगट नव्या मालकाच्या गळ्यात पडते.

निर्णय

वरच्या श्रेणीची, एअरबॅग असलेली, सर्व्हिस बुक पूर्ण असलेली आणि दोन्ही परत-बोलावणीची कामे झालेली बीट असेल, तर ती घ्यायला हरकत नाही. दोन अटींवर. गाडीच्या किंमतीच्या एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवायची, आणि ही गाडी पुन्हा विकून पैसे येतील ही आशा सोडायची. ती नोंदणीची मुदत संपेपर्यंत वापरण्यासाठी घ्यावी. यातली एकही गोष्ट कमी असेल तर बंधूंचे ऐका आणि थोडे जास्त पैसे घालून, जिचे भाग निफाडच्या दुकानात मिळतात अशी गाडी घ्या.

तुमच्या फिटरला एकच प्रश्न विचारा: या गाडीचा एखादा भाग अडला तर तो किती दिवसांत आणि कुठून आणून देशील? त्याने दुकानाचे नाव आणि दिवस सांगितले तर पुढे जा. ठाम उत्तर मिळेपर्यंत विसार देऊ नका.